पुढची चाकं कापतात

पुढची चाकं कापत होती. गाडी उभी होती, वारा नव्हता, पुढे ढकलणारी मोटर बंद होती, आणि गच्चीवरच्या दगडाच्या काठावर टेकलेली ती दोन चाकं, मी डावीकडे वळवून धरलेली, भिजलेल्या कुत्र्याच्या पायांसारखी थरथरत होती. मी लगेच म्हटलं, सर्व्हो. दुसरं काही डोक्यात शिरायच्या आत म्हटलं. सर्व्हो म्हणजे रिमोटचा हुकूम ऐकून चाकं वळवणारी काडेपेटीएवढी मोटर. तिच्या पोटात इवलेइवले दाते असतात, एखादा झिजला की ती अशीच कुडकुडते. "सर्व्हो गेला," मी तोंडाने म्हणालो. गच्चीवर ऐकायला कोणी नव्हतं. एकटा माणूस मोठ्याने बोलतो ते कोणाला ऐकवायला, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी त्याला हातातला पान्हा फेकून मारला असता.

सुट्टीचा दिवस होता आणि गाडी पहिल्यांदाच दगडावर आली होती. हिला रॉक क्रॉलर म्हणतात. ज्यांनी बघितलेली नाही त्यांना वाटतं, रिमोटची गाडी म्हणजे सुसाट पळणारं खेळणं. ही पळत नाही. हिला पळता येऊ नये म्हणूनच तर घाम गाळायचा. मोटरच्या दांड्याला छोटा गिअर, त्याला मोठा, त्याला आणखी मोठा, असं करत करत सगळा वेग मारून टाकायचा आणि त्याची ताकद करायची. चारही चाकं एकमेकांना जखडायची, म्हणजे एक हवेत लोंबकळलं तरी बाकीची दगड सोडत नाहीत. चाकांच्या आत शिशाच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे वजन खाली राहतं, डोकं हलकं राहतं. माझ्या गाडीचा सांगाडा खिडकीच्या उरलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीचा, आणि अंगावरचं कवच तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, घासून केलेलं. विकतचं मिळतं, प्लॅस्टिकचं, स्टिकर लावलेलं. विकतचंच घ्यायचं असतं तर बायकोची बोलणी कशाला खाल्ली असती? आतल्या खोलीतलं टेबल तिचं, इस्त्रीचं. ते मी कधी गिळलं तिलाही कळलं नाही. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, घरात पोर नाही म्हणून हा बाबा खेळत बसतो. म्हणू देत. ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांची तोंडं मी जिन्यात रोज बघतो.

आठवडाभर मी क्रेनवर असतो. टॉवर क्रेन. रस्त्यावरून जाताना मान वर करून तुम्ही जी पिवळी आडवी दांडी बघता, तिच्या मानेशी काचेची एक पेटी असते, त्यात मी. दोन हातांखाली दोन लिव्हर, पायांखाली काच, काचेखाली माणसांची डोकी. लोकांना वाटतं क्रेन म्हणजे ताकद. ताकद क्रेनची, माझं काम हळू करण्याचं. उचलायला काय, माकडही उचलेल. ठेवायला क्रेनवाला लागतो. झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तसं काँक्रीट ठेवावं लागतं, आणि ते रोज जमतं म्हणून मला मान आहे. साहेबलोकांत नाही, त्यांना माझं नावही आठवत नाही, पण खाली उभी असलेली माणसं मला मानतात. ती माझ्या वजनाखाली उभी राहतात, वर न बघता विडी ओढतात. याच्याहून मोठा मान मला माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी हात रिकामे राहिले की मला करमत नाही, म्हणून ही गाडी. तेच काम, चपलेच्या खोक्यात मावणारं. इथेही घाई केली की उलटलात, धसका घेतलात की घसरलात.

यंत्र बिघडलं की मी एकच रीत जाणतो. एका वेळी एक भाग बदलायचा. बदलून दोष गेला तर तोच दोषी. नाही गेला तर तो भाग निर्दोष, पुढचा घ्या. सगळे भाग बदलून झाल्यावर जो उरेल तो चोर. यात अक्कल लागत नाही, धीर लागतो. मेहुण्याने मागे दिलेला दुसरा सर्व्हो होता, तो बसवला. गाडी त्याच दगडाच्या त्याच काठावर उभी केली, रिमोटवरचं चाक डावीकडे वळवून धरलं. कापली. मग वायर बदलली, म्हटलं आत कुठे तरी तुटली असेल. कापली. रिमोटचं ऐकणारी छोटी डबी असते, ती बदलली. कापली. बॅटरी बदलली. ऊन वर चढलं होतं, पत्र्याचं कवच हाताला चटका देत होतं, मानेवरून घाम शर्टाच्या आत उतरत होता, आणि मी स्क्रू काढत होतो, लावत होतो, आणि एक गोष्ट मी मुद्दाम करत नव्हतो. रिमोटवरचं वळवलेलं चाक तसंच दोऱ्याने बांधून रिमोट जमिनीवर ठेवून बघायला एक क्षण लागला असता. दोरा खिशात होता.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, आरशासमोर फळी. तेही असेच बदलत गेले. आधी वस्तरा बदलला, म्हणाले पोलाद पूर्वीसारखं येत नाही. मग वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा बदलला. मग खुर्ची, हिचा पाय डुगडुगतो म्हणाले, आणि नवी आणली, तिचा एकही पाय डुगडुगत नव्हता. मग त्यांनी खिडकीत पडदा लावला, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. शेवटी बदलायला काही उरलं नाही तेव्हा गिऱ्हाईक. आजकालच्या माणसांना दोन मिनिटं स्वस्थ बसता येत नाही. "हलू नका," ते म्हणायचे, आणि गिऱ्हाईक खांबासारखं बसलेलं असायचं, श्वास रोखून, डोळे आरशात वस्तऱ्यावर. कोणी त्यांना काही बोललं नाही. माणसं फार सभ्य असतात. सभ्यपणाने एकेक जण पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागला, वाटेत बाबा दिसले की रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. तोंडावर सांगायची हिंमत एकात नव्हती. गळा द्यायची हिंमत होती, खरं बोलायची नव्हती. मला त्या माणसांचा अजून राग येतो. की त्यांचा नाही, कोणाचा तो कळत नाही, पण राग येतो.

तेव्हा मी लहान होतो आणि दुकानाच्या पायरीवर दोन बायका बोलत होत्या, "त्याचा हात कापतो आता." मी आत जाऊन गिऱ्हाइकांचे हात बघायला लागलो. बाबा गाल कापतील, फार तर कान, पण हात कसा कापतात ते मला समजेना. दाढी करायला आलेल्या माणसाचा हात ते कशाला कापतील? आणि कोणाच्या हाताला पट्टी कशी नाही? शेवटी मी शाळेत विचारलं. वर्ग हसला. मास्तर म्हणाले, अरे, कापणं दोन असतात. वस्तऱ्याने कापणं वेगळं, थंडीने कापणं वेगळं. जुन्या छपाईत थंडीच्या कापण्यातल्या 'का'वर टिंब असायचं, मग शहाणी माणसं एकदा बसली आणि त्यांनी टिंब काढून टाकलं. वाचताना अडचण होते म्हणून. घ्या. एका टिंबाने सांगितलं असतं की थरथरणारा हात कुठला आणि वस्तरा कुठला, ते पुसून टाकलं, आणि बाबांच्या दुकानात दोन्ही एकत्र राहायला आले.

फोन वाजला तेव्हा मी परत स्क्रू लावत होतो आणि स्क्रू भोकात जात नव्हता. भोक लहान होतं म्हणा. फोन शिट्टीचा होता. शिट्टी म्हणजे खालून मला इशारे देणारा माणूस. वॉकीटॉकी नव्हते तेव्हापासून तो तोंडाने शिट्टी मारून क्रेन नाचवतो, खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल. तो मला गिधाड म्हणतो.

"काय गिधाडा, उठलास का?"

"गच्चीवर आहे."

"सुट्टीच्या दिवशीही उंचावरच मरायचं असतं तुला. ऐक, उद्या जिना. सकाळी घेऊ, वारा पडलेला असतो. साहेब म्हणतोय दुपारी घ्या, फोटोवाले येणारेत. मी म्हटलं, साहेब, मी सकाळीच बरा दिसतो."

"जागा किती आहे?"

"दोन्ही बाजूंना तळहातभर. माझा तळहात. साहेबाच्या तळहाताने धरलंस तर आपण सगळे मेलो."

"आत कोण?"

"मी आणि दोघं. पळायला जागा नाही, चारी बाजूंनी भिंत. दुसरा कोणी वर असता तर माझ्या पोटात आजच दुखायला लागलं असतं." तो हसला. "जेव, झोप, बायकोशी भांडू नकोस. उद्या हात शांत पाहिजे."

जिना म्हणजे तयार केलेला जिना, काँक्रीटचा, पायऱ्यांसकट एकसंध. तो उचलून इमारतीच्या पोटातल्या उभ्या पोकळीत, आमच्या भाषेत खड्ड्यात, वरून सोडायचा. पोकळीच्या आत ही तीन माणसं हात वर करून उभी राहणार, जिना डोक्यावर आला की हातांनी फिरवून टेकूवर बसवणार. आमच्यात हुकूम एकाचाच चालतो, खालच्या इशारेवाल्याचा. तो म्हणेल डावीकडे तर डावीकडे, साहेब बोंबलला तरी ऐकायचं नाही. फक्त एक शब्द कोणीही म्हणू शकतो. झाडणारा म्हणो, रस्त्यावरून जाणारा म्हणो. थांब. तो कानावर आला की कोण म्हणालं, का म्हणालं, विचारायचं नाही. हात जिथे असतील तिथे थांबवायचे. शिट्टीच्या तोंडून तो शब्द इतक्यांदा ऐकलाय की घरात बायको थांब म्हणाली तरी माझा घास तोंडापाशी थांबतो.

मेहुणा दुपारी आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, हे रिमोट आणि सर्व्होचं वेड त्यानेच माझ्या अंगाला लावलं. गच्चीचं दार ढकलून आला तो चिप्स खातच.

"भाऊजी, ताईने विचारलंय, इस्त्रीचं टेबल जिवंत आहे का?"

"तिला सांग, गेलं. आता तुझा सर्व्होही गेला."

"दोन्ही?"

"दोन्ही कापतात."

"दोन्ही एकदम कसे जातील? काही तरीच. बघू, द्या इकडे."

मी रिमोट दिला नाही. आधी वायर दाखवली, मग बॅटरी दाखवली, मग म्हटलं ऊन फार आहे, खाली जाऊ. त्याने चिप्सचे हात पँटला पुसले आणि माझ्या हातून रिमोट काढून घेतला, लहान मुलाच्या हातून कात्री काढतात तसा, हसत. रिमोट पिस्तुलासारखा असतो, डाव्या हाताच्या बोटाने घोडा ओढला की गाडी पुढे, उजव्या हाताने बाजूचं चाक फिरवलं की गाडीची चाकं वळतात. त्याने गाडी माझ्याच दगडावर चढवली, माझ्याच काठावर उभी केली, चाक डावीकडे वळवून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. पुढची चाकं खिळा ठोकल्यासारखी होती. तो धरून उभा राहिला. मी बघत होतो. इतक्या आतुरतेने मी कधी काही कापायची वाट बघितली नसेल. काप, मी मनात म्हणत होतो, भाडखाऊ, एकदा तरी काप. चाकांवर एक माशी येऊन बसली. तीही हलली नाही.

"लोणी आहे भाऊजी, लोणी. कुठाय बिघाड?"

"मधूनच येतो."

"मग मधूनच दाखवा. उगाच माझा दुसराही खोललात. आणि खरं सांगू? विकतच्याहून भारी झालीय. फक्त आत ड्रायव्हर बसवा एक. रिकामी खुर्ची बरी दिसत नाही."

तो खाली गेला. त्याला काही कळलं नव्हतं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला बिघाड मोबाइलमध्येच दिसतो. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आणि उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. मांडीवर तो गप्प होता. टेकलेला असला की गप्पच असतो. उचलून काही धरायला लावलं की त्याला जाग येते. हे मला माहीत होतं की नव्हतं? शर्टाचं गळ्याचं बटण मी लावायचं सोडून दिलं होतं, उकाडा होतो म्हणून. कुलपात किल्ली घालायचं काम बायकोवर ढकललं होतं, माझ्या हातात पिशव्या असतात म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, चांगलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. आणि क्रेनने मला सांभाळून घेतलं होतं. क्रेनच्या लिव्हरला खाच असते. हात पहिल्या खाचेपर्यंत जात नाही तोवर क्रेन ऐकतच नाही, बारीकसारीक थरथर ती पोटात घालते, आईसारखी. या खेळण्याला खाच नव्हती. मी केसभर हललो की ते केसभर हलायचं. इतकं खरं बोलणारं यंत्र मी माझ्या हाताने घरात बनवलं होतं.

पण क्रेनही सगळं पोटात घालत नाही. शेवटच्या वीतभरात हात खाचेच्या काठावरच खेळवावा लागतो, पलीकडे, अलीकडे, पलीकडे. तिथे हात कापला की खाचेवरून घसरतो, आणि वर घसरलेलं केसभर खाली दोराच्या टोकाला हिसका होऊन पोचतं. मागच्या आठवड्यात पोचलं होतं. स्लॅब ठेवताना बाजूच्या खांबाला घासला, नुसता खरचटला, थोडी पांढरी धूळ उडाली. वॉकीटॉकीवर शिट्टी म्हणाला, "वर वारा आहे का रे?" मी म्हटलं, "आहे थोडा." शेजारच्या इमारतीवर कोणी वाळत घातलेली चादर मला दिसत होती. ती भिंतीसारखी सरळ लोंबत होती.

रिमोटच्या आत एक सेटिंग असतं. बारीक हालचाल गाळून टाकायचं. चहाच्या गाळणीसारखं, मोठी हालचाल खाली जाते, चोथा वर राहतो. मी ते वाढवलं. वाढवत गेलो. गाडी काठावर उभी करून चाक वळवून धरलं. थरथर कमी झाली, मग आणखी, मग थांबली. माझा हात कापत होता, मी बघत होतो, आणि गाडीची चाकं शांत होती, मेहुण्याच्या हातात होती तशी. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. उद्या जिना झाला की डॉक्टरला दाखवू. जिना झाला की शिट्टीलाही सांगू, चहा पिता पिता, हसत. एक जिना. एवढ्या वर्षांत इतकी वजनं ठेवली, एक जिना ठेवणार नाही हा हात? बाबाही असंच म्हणत असतील. एक दाढी. ती एकदा माझी होती. मी मोठा झालो होतो, बाहेरगावच्या नोकरीला निघालो होतो, दुकान रिकामं होतं. ते म्हणाले, बस, नीट होऊन जा. मी बसलो, मान मागे टाकली. त्यांनी करंगळी माझ्या गालाच्या हाडावर टेकवली, आधाराला. वस्तरा गळ्याला लागला, थंड, आणि टकटकायला लागला, बारीक, खिडकीच्या सैल काचेसारखा.

"हलू नको."

"मी हलत नाहीये, बाबा."

"हलतोयस."

मी हललो नाही. कापलंही नाही कुठे. पण उठलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यानंतर मी दाढी ठेवली ती आजतागायत. मीही सभ्यच.

बायको चहा घेऊन वर आली. ती प्रयोगशाळेत रक्त घ्यायचं काम करते, दिवसभर लोकांचे दंड धरून शिरा शोधते. तिने कप माझ्या हातात दिला नाही, कठड्यावर ठेवला. कप अर्धा होता. हल्ली तो अर्धाच असतो, आणि मी एकदा म्हटलं होतं, कंजूस झालीस. "चालते का तुझी घोरपड?" ती म्हणाली.

"चालते. बघ."

शेवटचा दगड सगळ्यांत उंच, मी साइटवरून आणून सिमेंटने बसवलेला, डावीकडे उतरता. त्याच्या पाठीवरून चाकं थोडी थोडी उजवीकडे देत जायची, नाही तर गाडी बाजूला ओघळते. तिथून खाली फरशी.

"पडली तर कवच जाईल," ती म्हणाली. "मी खाली धरते."

"नको."

"अरे, एवढ्या महिन्यांचं काम आहे. माझं टेबल गेलंय त्यात. मी धरते." आणि ती दगडाखाली गुडघ्यावर बसली, दोन्ही हात वर करून, ओंजळ उघडून.

थांब म्हणायला हवं होतं. शब्द कोणीही म्हणू शकतो. मी घोडा ओढला. गाडी चढली, चार चाकं एकेक करून दगड चाचपत, शिशाच्या वजनाने घट्ट. वर पोचली. पुढची चाकं शांत होती, आणि बायको खालून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला बरं वाटलंय. गाडी डावीकडे झुकायला लागली. मी चाक केसभर उजवीकडे दिलं. गाडीने ऐकलं नाही. आणखी केसभर दिलं. ते गाळणीत अडकलं. माझी थरथर जिथे अडकत होती तिथेच माझं कसबही अडकलं, दोन्ही एकाच मापाची होती, हे मला आधी कसं कळलं नाही. मग मी चाक हिसडलं आणि ते गाडीने ऐकलं, सगळं एकदम. ती उलटली. शिशाचं वजन, पत्र्याची धार, खाली दोन हात.

आवाज फारसा झाला नाही. गाडी फरशीवर पाठ टेकून पडली, चाकं वर. बायको हात छातीशी घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"कापला," ती म्हणाली. "हात कापला."

माझ्या अंगातून काही तरी निघून गेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल झाले.

"माहितीये," मी म्हटलं. "सर्व्होला काही झालेलं नाही. माझाच कापतो. वर पण कापतो, क्रेनवर. मागच्या आठवड्यात स्लॅब घासला, शिट्टीला सांगितलं वारा आहे. वारा नव्हता. जिना झाल्यावर सांगणार होतो. तुला कधी कळलं?"

तिने मूठ उघडली. तळहातावर आडवी चीर होती आणि मनगटावरून रक्त कोपराकडे चाललं होतं.

"मी माझ्या हाताचं म्हणत होते," ती म्हणाली.

मी गाडी पुसायचं फडकं आणलं. ती म्हणाली, ते नको, रुमाल दे. मग म्हणाली, दाब. मी दाबलं. माझा हात तिच्या हातावर कापत होता आणि आता तो लपवायला कुठे जागा नव्हती, रुमालात, रक्तात, तिच्या हाडापर्यंत तो जात असणार. ती खाली त्या दोन हातांकडे बघत राहिली.

"चहा सांडतो ते दिसत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत नाही. म्हटलं अर्धा देऊ, उगाच मनाला लागेल. वर पण कापतो हे कुठे माहीत होतं मला?"

"जिना झाला की डॉक्टरकडे जाऊ."

"जिन्याखाली कोण आहे?"

मी रुमालाची घडी बदलली.

"फोन लाव."

"उद्या सकाळी सांगतो, समोरासमोर."

"सकाळी तू वर असशील," ती म्हणाली. "तिथे कोण येणारे तुला विचारायला? लाव. एका हाताने दाब, दुसऱ्याने लाव."

शिट्टीने उचलला तो मागे टीव्ही चालू होता. "काय गिधाडा, झोप येईना? मी मघाशी दाढी करून घेतली, उद्याच्या फोटोसाठी, तर बायको म्हणते कोणाला दाखवायला चाललाय, खड्ड्यात उभं राहायचंय तर."

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. टीव्हीही थांबला, कोणी बंद केला असेल. सवयच तशी आहे त्याला, मी हा शब्द त्याला कधी म्हटला नव्हता.

"त्या दिवशी वारा नव्हता," मी म्हटलं. "माझा हात कापतो. बाबांचा कापायचा तसा. उद्या मी वर बसत नाही."

शिट्टी हसेल, शिव्या देईल, म्हणेल अरे वय झालं, होतं असं, असं मला वाटत होतं. लोक सभ्य असतात.

"मी खाली होतो," तो म्हणाला.

"हो."

"स्लॅबखाली. हात वर करून. तुला विचारलं तेव्हाही एक हात वरच होता माझा."

"हो."

"आणि तू म्हणालास वारा."

बायकोने रुमालाखालचा हात जरा हलवला, माझा दाब सैल झाला होता.

"साहेबाला मी सांगतो," तो म्हणाला. "वर दुसरा बसेल. हळू नसेल तुझ्याइतका, पण बसेल. आणि तू उद्या ये."

"मी येऊन काय करू?"

"माझ्या शेजारी उभा राहा. खड्ड्यात. हात वर करून."

त्याने फोन ठेवला. माफ केलं की शिक्षा दिली, मी अजून ठरवतोय. बायको खाली गेली, धुवायला, पट्टी बांधायला. तिने मला खाली बोलावलं नाही. मी गाडी सरळ केली. कवचाचा एक कोपरा चेपला होता, त्यावर तिचं रक्त होतं, ते मी पुसलं नाही. रिमोटमधली गाळणी काढून टाकली, पार शून्यावर आणली, आणि चाक डावीकडे वळवून धरलं. मग उद्या जसं बघायचंय तसं मान मागे टाकून वर बघितलं. वर काही नव्हतं, नुसतं रिकामं आभाळ, तरी दाढीखालचा गळा ताणला गेला, उघडा पडला, आणि त्यावर कुठून तरी थंड टेकलं.

हलू नको, बाबा म्हणाले.

मी हलत नव्हतो. पायापाशी पुढची चाकं कापत होती.